बांधावरच्या दगडापायी चाकणची वारी

परवा शेतावर गेलो, तर बांधावरच्या देवाच्या दगडाला कोरा कागद चिकटवलेला. त्याच्या बुडाची माती उकरलेली आणि शेजारी दोन पाटलोणवाले विडी ओढत बसलेले.  जप्ती आली की दाराला कागद लावतात, एवढं मी तिसरी शिकलेला माणूसही जाणतो. दिघीकडे लष्कराला जमिनी गेल्या, त्याआधी अशीच माणसं मोजणीची फीत घेऊन हिंडत होती म्हणे. मी पोचेपर्यंत त्यांनी कागद अलगद सोलून नळकांड्यात घातला.

"जुन्या अवशेषांची नोंद करतोय, बाबा," थोरला साहेब म्हणाला. "कागदावर काय उठलंय ते चाकणच्या मुक्कामी वाचू." जीप गेलीसुद्धा.

गावात, भोसरीत, कुणाला बोललो नाही; भाऊबंदांना तेवढंच हवं असतं. सकाळी एस.टी. धरली. नाशिककडे जाणारी गाडी फाट्यावर थांबते, पण बसायला मिळेल याचा भरवसा धरू नये. मोशी सोडली की उतार, इंद्रायणीचा पूल, मग कांद्याची रानं. धूळ फार. भाकरी घरूनच न्यावी. चाकणच्या पेठेत चहा मिळतो. साखर इतकी सढळ की मला दुधाचाच संशय आला.

चहावाल्या चाचांना मोजणीवाल्यांचं विचारलं.

"किल्ल्यात हायेत. पडक्या भिंती मोजत्यात."

"कशापायी?"

"नोंद म्हणे. सरकार फुकट कुणाची नोंद ठेवतंय व्हय, राव?"

उरलेला चहा तसाच ठेवून उठलो.

किल्ला पेठेला लागूनच आहे. तट ढासळलेला, खंदकात बाभळी; वहाण काढू नये. बुरजाखाली साहेब फितीचं टोक धरून उभा होता.

"साहेब, माझा कागद दावा."

"तुमचा?" तो हसला, पण उलगडला. ओल्या कागदावर दगडाचा ठसा घेऊन वर शाई फिरवलेली. काळ्यात पांढरी अक्षरं, वर चंद्रसूर्य, आणि खाली, आजवर मातीत राहिलेलं, बाईवर चढलेलं गाढव. मी मान फिरवली.

"याला गधेगाळ म्हणतात. चंद्रसूर्य आहेत तोवर ही जमीन देवळाला दान. जो बळकावील त्याच्या आईला ही शिवी."

"म्हंजे सरकार घेनार न्हाई?"

"आम्ही दगड टिपतो, बाबा. जमीन नाही."

परतताना खिडकीपाशी जागा मिळाली. पुलापर्यंत जीव हलका होता. मग ध्यानात आलं, दगड म्हणतो जमीन देवळाची, पण आमच्या शिवारात त्या अंगाला देऊळच नाही. मग आमच्या आज्याला ही जमीन दिली कुणी? जाताना सरकारवर संशय होता; येताना घरच्याच माणसांवर बसला.

"जमीन जात न्हाई," घरी आल्यावर कारभारणीला सांगितलं.

"मंग त्वांड का असं?"

मी बैलांना वैरण टाकायला उठलो. दुसऱ्या दिवशी दगडाच्या बुडाची माती हातानंच परत लोटली आणि गाढव झाकलं. पण औत मात्र दगडापासून लांबून वळवलं.

"आबा, येवढं रान का सोडताय?" पोरगा ओरडला.

"ऱ्हाऊ दे," म्हणालो. "ते आपलं न्हाई."