पॅडवरचे दोन थेंब

ठप्पाकाकूंनी तीस वर्षं एका कचेरीच्या खिडकीशी बसून कागदांवर शिक्के मारले. नाव तिथंच पडलं. निवृत्तीनंतर लोक गुडघे चोळत बसतात. काकू खोडरबरावर फुलं कोरायला लागल्या. जाड कागदावर ठसा उठवायचा, आत जलरंग भरायचा, की झालं शुभेच्छांचं कार्ड.

कोपऱ्यावरच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानदारानं ती कार्डं दर्शनी काचेमागे मांडली. महिन्याभरात उन्हानं जांभळे ठसे असे विटले, की फुलांचे नुसते डाग राहिले.

"काकू, एकदा चाललं. पुन्हा असं झालं तर काचेतली जागा मेणबत्तीवाल्याला देईन."

काकूंना ती जागा सोडायची नव्हती. तीस वर्षं दुसऱ्याच्या सहीखाली ठप्पे मारले. स्वतःचं काही लोकांनी थांबून बघावं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

त्यांनी काळ्या शाईचं नवं पॅड आणलं. डबीवर छापलं होतं : पाण्यानं फुटणार नाही, उन्हानं विटणार नाही. छापलेल्यावर विश्वास ठेवायला काकू काय दुधखुळ्या होत्या? त्यांनी कागदाच्या पट्टीवर ठसा मारला, अर्ध्यावर पुठ्ठा लावला आणि पट्टी उन्हाच्या खिडकीला डकवली. दोन महिन्यांनी पुठ्ठा काढला, तर झाकलेलं आणि उघडं सारखंच काळंकुट्ट.

मग कार्डं करायला घेतली, आणि कुंचला फिरला तशी शाई ओघळली. फुलाचा चिखल. एक नाही, अकरा कार्डं.

"मेल्या शाईवाल्यानं फसवलं!" काकू कडाडल्या.

सून शेंगा सोलत होती. "आई, खिडकीतल्या पट्टीवर पाणी टाका बघू."

टाकलं. शाई जागची हलली नाही.

"शाई तीच ना? आता माझ्यासमोर एक कार्ड करा."

काकूंनी कार्ड पुढ्यात ओढलं, कुंचल्याच्या वाटीत बोटं बुडवली आणि पॅडवर दोन थेंब शिंपडले.

"हे काय?"

"काय म्हणजे? पॅड सुकलं की पाणी मारायचं. कचेरीत सगळे मारायचे."

"अहो, पाण्याला दाद देऊ नये म्हणून ती शाई आणली, आणि तुम्ही आधी तिलाच पाणी पाजताय!"

काकूंनी पॅड बाजूला सारलं. "पट्टीच्या वेळी नवं होतं," त्या म्हणाल्या. "ओलंच होतं."

दुसरं पॅड आलं. ठसे रात्रभर वाळवले, सकाळी रंग भरले. दुकानदारानं ओला अंगठा पाकळीच्या कडेवर घासला, अंगठा बघितला, आणि कार्डं काचेमागे लावली.

"अंगठा काय बघता? उठलाय का ठसा?" काकू म्हणाल्या.

पण जित्याची खोड. पॅड जरा सुकलं की बोटं वाटीकडे जातात. म्हणून सुनेनं वाटी खोलीच्या पलीकडच्या स्टुलावर नेऊन ठेवली आहे. कुंचला बुडवायला काकूंना दर वेळी उठावं लागतं. गुडघे कुरकुरतात, काकू सुनेला शिव्या घालतात आणि उठतात.