टँकरचा लाल दिवा

देव माझ्यासारख्या माणसाच्या वाट्याला येईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. फुलंब्रीहून रिकाम्या हाताने शहरात आलो, जुनी व्हॅन घेतली आणि दुष्काळाच्या वर्षांत नव्या कॉलन्यांना पाण्याचे जार पुरवू लागलो. धंद्याचा जम बसतोय तोच गंगापूरकडचा एक टँकरवाला आला आणि माझी सगळ्यात मोठी कॉलनी घेऊन गेला. त्या दिवसापासून त्याचा टँकर रस्त्यात दिसला तरी मी मान फिरवायचो.

त्यातच व्हॅनच्या डॅशबोर्डवरचा हेडलाइटचा स्विच बिघडला. कधी लागे, कधी नाही. फार जुना नव्हता, म्हणून मी स्पेअर पार्टच्या दुकानदाराच्या अंगावर धावून गेलो. त्याने शांतपणे विचारलं, आत पाणी तर जात नाही ना? मला वाटलं, नकली माल खपवून वर मलाच शहाणपण शिकवतोय. त्याने पुढे केलेला नवा स्विच तसाच काउंटरवर टाकून मी निघून आलो.

त्या श्रावणात आईने वेरूळच्या महादेवाचं दर्शन मागितलं. काचबिंदूने तिची नजर बरीच नेली होती आणि उरलेली फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. उजेडात परत येऊ, अशा बेताने सोमवारी दुपारी निघालो. पण तिथे बेलफुलांच्या टोपलीवरून मी हुज्जत घातली, गाडी लावण्यावरून भांडलो, आणि तोवर रांग मंदिराबाहेर गेली. दर्शन होऊन निघालो तेव्हा दिवस मावळला होता. खुलताबाद ओलांडून दौलताबादच्या घाटाच्या तोंडाशी आलो आणि दिवे गेले. स्विच दाबून दाबून बोट दुखलं. पुढे उतार, वळणं, आणि शेजारी आई हात जोडून बसलेली. त्या वेळी मी देवालाही दोन शब्द सुनावले.

मागून एक टँकर आला आणि थांबला. तोच होता. आसपासच्या गावांना पाणी टाकून रिकामा परत चालला होता.

“लाइट गेली व्हय, सेठ? या माझ्या मागं मागं. म्हातारी हाय संगं, घाई करू नका.”

आभार मानायचे सोडून मी विचारलं, “किती घेशील?”

तो हसला. “तुमच्यासंगं भाव करत बसलो तर हितंच उजाडंल.”

तो पुढे, मी मागे. प्रत्येक वळणाआधी तो वेग कमी करी, ब्रेकचा लाल दिवा उजळे, आणि त्या दिव्यावर नजर ठेवून मी स्टिअरिंग फिरवत होतो. शहराचा उजेड लागल्यावर त्याने एकदा हॉर्न दिला. मला थांबता आलं असतं. मी माझ्या वळणाला वळलो.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने सांगितलेल्या भावात स्विच आणला आणि घरीच बदलायला बसलो. बॅटरीची वायर काढली, पॅनेल सोडवलं, जुना स्विच ओढून काढला. आत हळदकुंकवाचा चिकट थर बसला होता. दरवर्षी दसऱ्याला डॅशबोर्डवरच्या महादेवापुढे नारळ फोडून त्याचं पाणी मीच तिथे शिंपडायचो. दुकानदार बरोबर बोलला होता. आतला थर फडक्याने पुसून मी नवा स्विच बसवला.

टँकरवाल्याला मात्र शोधू शोधू म्हणत राहिलो. पुढच्या साली पाऊस झाला, टँकर बंद झाले. पाणी भरायच्या विहिरीवर विचारलं, तर कुणाला त्याचं गावसुद्धा ठाऊक नव्हतं.

आईची नजर त्या हिवाळ्यातच गेली होती. एकदा धीर करून तिला विचारलं, वेरूळला पिंड दिसली होती का?

“नाय रे. समदं धूसर होतं, नुसते हात जोडले. पण येताना तो लाल दिवा दिसला. लई येळ दिसला.”

नारळ आता गाडीबाहेर फोडतो. रोज संध्याकाळी दिवे लावताना तो माणूस आठवतो. ज्याचा राग धरला त्याच्याच मागे आई सुखरूप घरी आली, आणि त्याला मी साधं पाणीही विचारलं नाही. महादेवाशी आता घासाघीस करत नाही, काही मागतही नाही. एवढंच म्हणतो, तुम्ही पुढं व्हा, मी येतो मागं.