खंडेनवमीला मिळालेला पाना

मनोभावे पूजा करावी आणि त्याच दिवशी देवीनं आपल्याला रस्त्यावर बसवावं, यातून माणसानं काय समजायचं? बोरगावच्या अलीकडे बाभळीच्या सावलीत गाडी उभी होती आणि माझ्या मनात हाच प्रश्न घोळत होता. मागच्या सीटवर माझी पत्नी उशीला टेकून बसली होती. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. डायलिसिससाठी आम्ही तिला नेमानं मूर्तिजापूरहून अकोल्याला नेतो. प्यायचं पाणी मोजून देत असूनही त्या दिवशी पायांना सूज होती, श्वासही लागत होता. दवाखान्यातली आपली पाळी चुकली की मशीन दुसऱ्याला जातं, आणि मग वाट पाहण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती. इकडे गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा उघडझाप करत होता आणि गाडी थंडी भरल्यासारखी थरथरत होती.

गाडी माझी मुलगी चालवत होती. ती नागपूरला मोटारींच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आहे. हे मी कुणी न विचारताही लोकांना सांगतो आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसतो. दसऱ्यासाठी ती घरी आली होती. "दिवा नुसता लागून राहिला असता तं तशीच अकोल्यापर्यंत नेली असती," ती म्हणाली. "पण हा लुकलुकून राहिला बाबा. एक सिलिंडर काम करून नाई राहिलं. आता दामटली तं मधातच बसन."

दुरुस्तीला तिला वेळ लागला नसता, पण तिची पानेपेटी घरी होती, आणि ती माझ्यामुळे. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारं पूजेत मांडली की दसरा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. सकाळी माझ्या कापडाच्या दुकानातली कात्री आणि गज मांडला, शेजारी मोठ्या कौतुकानं तिची पेटी आणि गाडीचा बिघाड सांगणारं यंत्रही ठेवलं. ती म्हणाली होती, "आईले घेऊन जा लागते, पेटी डिक्कीत राहू द्या." मी म्हणालो, "नेम मोडू नोको बाई, देवी पाह्यते सगळं." वाटेतून तिनं दोन गॅरेजवाल्यांना फोन केले. त्यांचीही हत्यारं फुलांखाली होती. ॲम्ब्युलन्स लांबच्या गावी गेलेली. पत्नीनं डोळे मिटून घेतले तेव्हा मला रडू आलं. मी हात जोडले, पण मागायचं काय ते सुचेना. नेम तर देवीचाच पाळला होता. शेवटी म्हटलं, आई, माझं डोकं चालत नाही, आता तूच बघ.

तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. पांढरी दाढी, डोक्याला गोल टोपी, टाकीवर गोणपाटाची पिशवी. "क्या हुआ भाऊ? पेशंट हाय काय?" त्यानं विचारलं. तो शेतातल्या मोटारपंपांची कामं करायचा आणि कुणाच्या तरी विहिरीवर निघाला होता. मी सांगितलं. त्यानं पिशवी उतरवून सरळ मुलीपुढे ठेवली. "गाडीतलं मले काई समजत नाई बेटा. पण पानेपिने पायजे असन तं सगळे हायेत. आमची काई आज पूजा नसते."

मग मी जे पाहिलं ते पाहायला तिची सगळी शाळा, सगळे मास्तर तिथे असायला हवे होते. तिनं इंजिन चालू ठेवून, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढायला सुरुवात केली. एक काढली, इंजिन आणखी थरथरलं, परत लावली. दुसरीलाही तेच. तिसरी काढली तर आवाजात काहीच फरक पडला नाही. "हेच मेलं झोपलं हाय," म्हणत तिनं इंजिन बंद केलं आणि त्या माणसाच्या पान्यानं बोल्ट खोलून कॉइल वर ओढली. खाली प्लगच्या खोबणीत तांबूस पाणी साचलं होतं. तिनं बोट बुडवलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळली.

"बाबा, इंजिनाले नारळ पाजला काय?"

पाजला होता. ती आत आईची तयारी करत असताना मी बॉनेट उघडून कुंकू वाहिलं होतं आणि फोडलेल्या नारळाचं पाणी भक्तिभावानं इंजिनावर ओतलं होतं. मागून बारीक आवाज आला, "मले घोटभर पाणी मोजून देता, अन् गाडीले नारळपाणी?" पत्नी हसत होती. तो पंपवालाही दाढीत हसला.

पत्नीच्या पिशवीत पट्टीसाठी ठेवलेला कापूस होता. तो स्क्रू-ड्रायव्हरला गुंडाळून मुलीनं खोबणी कोरडी केली, कॉइल पुसली, तिच्या चिरलेल्या रबरावर त्या माणसाची काळी टेप घट्ट गुंडाळली. किल्ली फिरवताच इंजिन एका सुरात चालू झालं. दिवा आता लुकलुकत नव्हता, नुसता लागून होता. "गाडीच्या ध्यानात राह्यलं हाय, दिवा जाईन हळूहळू," ती म्हणाली. मी त्या माणसाचे हात धरले. "भाभीले लवकर न्या, मी दुआ करतो," एवढं बोलून तो वावराच्या वाटेला लागला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

लोक याला योगायोग म्हणोत, मी वाद घालत नाही. मी एवढंच जाणतो, की त्या दिवशी साऱ्या रस्त्यावर ज्याचे पाने मोकळे होते तोच माणूस आमच्यापाशी थांबला. शरण जाणं म्हणजे नेम कडक पाळणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, आपण बाजूला सरावं आणि देवीनं ज्याच्या हाती काम दिलंय त्याला ते करू द्यावं.

पाळी चुकली नाही. मशीन सुरू झालं तेव्हा मुलगी काळ्या हातांनी आईच्या उशाशी उभी होती. सिस्टरनं एवढा उशीर का झाला म्हणून विचारलं. देवीची कृपा कशी झाली ते सांगायला मी तोंड उघडलं, तोच पत्नी सुया टोचलेला हात जरासा उचलून म्हणाली, "गाडी बंद पडली होती. माह्या पोरीनं आणलं मले."