वहिनींचा इंडिकेटर

दादाच्या गाडीतली बटणं अंधारात दिसत नाहीत ही तक्रार दादाची नव्हती, माझी होती. एसीच्या बटणामागचा बल्ब गेला होता आणि बाकीचे शेवटच्या घटका मोजत होते. दादा सैन्यातून हवालदार होऊन परत आलेला. त्याचं म्हणणं, "बटणं बोटाला ठावं हायत, डोळ्याला कशाला?" पण मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला होता. जुने बल्ब काढून निळ्या एलईडी बसवणारा त्यातला माणूस इतक्या गोडीनं बोलत होता, की हे काम आपल्यासाठीच राहिलंय असं मला वाटायला लागलं. माझं हे नेहमीचंच. घरातला मिक्सर मी दुरुस्त केल्यापासून चटणी पाट्यावर होते.

खंडेनवमीच्या दिवशी कराडजवळच्या मलकापुरात आमच्या दारातच मी डॅशबोर्डची पट्टी उचकटली. एकेक बटण बाहेर ओढायचं, मागचा प्लग काढायचा, बल्ब बदलायचा, पुन्हा बसवायचं. एलईडी उलटी बसली तर लागत नाही, एवढं व्हिडिओतून डोक्यात राहिलं होतं. चार बटणं निळी झाली. चारही इंडिकेटर एकदम लावायचं लाल त्रिकोणाचं बटण तेवढं हातात होतं, तोच दादा ताट घेऊन आला.

"पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं आण रं. पुजायचंय."

"दादा, जरा थांब की."

"मुहूर्त काय तुझ्या बल्बासाठी थांबतोय व्हय?"

आमच्या घरात हत्यारं एकदा पुजली की दसऱ्याची पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मी घाईघाईनं बटण दाबून बसवलं, पट्टी ठोकली आणि अवजारं दिली. दिवे लावून बघितले तर सगळी बटणं निळी, हे एकटं काळं. एलईडी उलटी बसली असणार. दसरा झाला की बघू, म्हटलं. स्क्रू ड्रायव्हर तोवर हळदकुंकू लावून झेंडूखाली गेला होता.

दसऱ्याला विट्याला वहिनींच्या माहेरी जेवण होतं. माझी बायको तिच्या माहेरी गेलेली, म्हणून मी वहिनींच्या माहेरी. वहिनी गेले काही महिने गाडी शिकत होत्या. त्यांचे दोन्ही भाऊ लांब दक्षिणेत गलाईच्या दुकानांवर असतात, सोनं गाळतात, दसऱ्याला घरी येतात. त्यांनी फोनवर डिवचलं होतं, "ताई, तू स्वतः चालवत आलीस तर दारात रांगोळी आमी घालतो." वहिनींनी ते फार मनावर घेतलं होतं. नवी साडी नेसून, चप्पल काढून ठेवून, पाठ ताठ करून त्या बसल्या. शेजारी दादा. मागं झेंडूच्या पिशवीला टेकून मी.

पहिल्याच वळणावर वहिनी म्हणाल्या, "भावजी, इंडिकेटर दिला तरी टिकटिक ऐकू येईना."

एका वाक्यात सुटता आलं असतं. 'थांबा, बघतो,' एवढंच. पण त्याच सकाळी मी दादाला निळी बटणं कौतुकानं दाखवली होती.

"एलईडी घातल्यावर आवाज येत नाही, वहिनी."

"आणि समोरचे हिरवे बाण बी लागंनात."

"उन्हात दिसत नाहीत ते."

मी फक्त बटणांतले बल्ब बदलले होते. इंडिकेटरला हातही लावला नव्हता. तरी ही दोन वाक्यं माझ्या तोंडून अशी बाहेर पडली, जसं काही मी गाडीच्या कारखान्यातूनच आलोय.

कडेपूरच्या पुढं पेट्रोल पंपाकडं वळायला वहिनींनी इंडिकेटरची दांडी खाली केली, आरशात बघितलं आणि गाडी उजवीकडं घेतली. मागून एक दूधवाला त्याच बाजूनं पुढं निघाला होता. त्यानं करकचून ब्रेक मारला आणि मोटारसायकल आडवी झाली. त्याला काही लागलं नाही, पण एक कॅन डांबरावर गडगडत गेला आणि दूध रस्त्याच्या उताराला लागलं.

"आवं बाई," तो धुळीतून उठत म्हणाला, "वळायचं हुतं तर दावायचं तरी."

"दावलं की मी," वहिनी म्हणाल्या.

दादा म्हणाला, "कुठं दावलंस? बघितलं न्हाई मी? दे हिकडं किल्ली."

त्याच क्षणी मला व्हिडिओतला माणूस आठवला. त्या लाल बटणाचा प्लग नीट बसवा, इंडिकेटरचा करंट तिथूनच जातो, असं तो त्याच गोड आवाजात म्हणाला होता. मला सगळं कळलं होतं. मी खाली उतरलो आणि दूधवाल्याचा कॅन उचलून दिला. मग प्लगचं नाव न काढता झेंडूच्या पिशवीकडं बघत मागं बसलो.

विट्यात दादाचे दोन्ही मेव्हणे दारात उभे होते. रांगोळी खरंच घातली होती, वाकडीतिकडी, पुरुषांच्या हाताची. वहिनी डाव्या दारातून उतरल्या आणि तिला वळसा घालून आत गेल्या. भाऊ हसले नाहीत, हे जास्त वाईट झालं.

पान अर्धं टाकून मी उठलो. गुपचूप प्लग बसवून मोकळं व्हावं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन पातळ सुरी मागितली. वहिनी एकट्याच होत्या.

"कशाला?"

"पट्टी उचकटायला."

त्यांनी सुरी उचलली, पण दिली नाही. मग मी सगळं सांगितलं, अगदी टिकटिकीसकट. सुरी त्यांच्या हातातच होती. मला तिची भीती वाटली नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

"हे मला का सांगताय?" त्या म्हणाल्या. "मला ठावं हाय मी दांडी खाली केलेली. बाहेर सांगा."

मी बाहेर सांगितलं. दादापुढं, दोन्ही मेव्हण्यांपुढं. ते पोट धरून हसले. धाकटा म्हणाला, "पाव्हणं, आमच्या दुकानाकडं नका येऊ. सोन्याचं पितळ कराल." पाठीवर थापही मिळाली. माझी चूक म्हणजे सणाची गंमत होती. वहिनींनी न केलेल्या चुकीला मात्र भर रस्त्यात किल्ली काढून घेतली होती, आणि तेव्हा मी मागं बसून झेंडू मोजल्यासारखं करत होतो.

सुरीनं पट्टी उघडून मी प्लग दाबला. टक झालं. दादानं स्वतः चारी बाजूंनी फिरून इंडिकेटर बघितले आणि किल्ली वहिनींपुढं धरली. त्यांनी लगेच घेतली नाही.

"चालवते," त्या म्हणाल्या. "पण भावजी गाडीत नकोत."

दादा माझ्याकडं बघायला लागला. मी मागच्या सीटवरची माझी पिशवी काढली आणि कराडची एसटी किती वाजता आहे ते धाकट्याला विचारलं.