गुंजवण्याची वाळूमाशी आणि मी न खाल्लेली भाकरी

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, राजगड मी अजून खालूनच पाहतोय. कारण आमच्या घरी सहल म्हणजे मीनलच्या किड्यांची सहल. बायको कॉलेजात कीटकशास्त्र शिकवते आणि सुट्टी लागली की माश्या धरायला निघते. मी गाडी चालवतो. या वेळी तिला हवी होती वाळूमाशी, आणि ती शोधायला जायचं होतं गुंजवण्याला, म्हणजे थेट राजगडाच्या पायथ्याशी. म्हटलं, वा! ही माश्या धरेल, आपण गड चढू. तिनं माझ्या हातात एरंडेलाची बाटली आणि ते फासून माश्या चिकटवायच्या कागदांचा गठ्ठा दिला.

गुरुवारी सकाळी सहाला पुणं सोडलं. कात्रजचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, वरवे मागं पडलं की नसरापूर फाटा. तिथं उजवीकडं वळायचं. वळण्याआधी मिसळ खाऊन घ्या, पुढं सकाळी काही मिळेलच असं नाही. मार्गासनीपर्यंत रस्ता झकास, नंतर गाडीची आणि कमरेची परीक्षा. पण ऑक्टोबरात जा राव! भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि काचा खाली केल्या की इंद्रायणी तांदळाचा वास आत येतो.

वाटेत मीनलचं प्रवचन चालू होतं. वाळूमाशी डासाच्या निम्मीसुद्धा नसते. अंगभर केस, पंख उभारून बसते, धड उडता येत नाही म्हणून टुणटुण उड्या मारते. डासासारखी पाण्यात नाही, ओलसर मातीत, शेणात वाढते. दिवसा भिंतीच्या फटीत दडून बसते, तिन्हीसांजेला बाहेर पडते. तिच्या पोटात एक ठरावीक जंतू असेल तर चावल्या जागी महिनोन्‌महिने न भरणारी जखम होते, नसेल तर नुसती खाज.

"आणि चावते ती फक्त मादी," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे सव्वीस वर्षांचा अनुभव होता, पण तेवढ्यात खड्डा आला.

उतरलो हिराबाईंकडे. गडावर जाणाऱ्यांना त्या आणि त्यांचे यजमान नाना जेवण देतात. पिठलं, भाकरी, ठेचा, भात, दीडशे रुपयांत पोटभर. मीनलनं आधीच फोन करून सांगितलं होतं, की तुमचा गोठा बघायचाय. हिराबाई दारातच उभ्या होत्या.

"या ताई! पावनी येनार म्हनून काल आख्खा गोठा सारवला. फटी बुजवल्या, कडूलिंबाचा धूर केला. येक माशी दिसायची न्हाई!"

मीनलचा चेहरा बघण्यासारखा झाला. मला हसू आवरेना. जी माशी धरायला शंभर रुपयांचं एरंडेल घेऊन आलो, तिला बाईंनी आमच्या स्वागतासाठी हाकलून लावलं होतं. शेवटी नानांनीच तोड काढली. "लाकडं ठिवायची पडवी न्हाई सारवली. दगडी भिंत हाय, बघा जमतंय का." एरंडेल लावलेले कागद संध्याकाळी तिथल्या फटींमध्ये खोचायचे ठरले.

दुपारी जेवायला बसलो. हिराबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. उजव्या मनगटाच्या वर चिंधी बांधलेली. थापता थापता ती सरकली आणि मला जखम दिसली. रुपयाएवढी, कडा उचललेल्या, वर खपली. मी ताट मागं सरकवलं.

"मला नको," मी म्हणालो. "पोट जरा बिघडलंय. ताकच द्या."

"व्हय व्हय, परवासात हुतं तसं," त्या म्हणाल्या आणि चिंधी वर ओढली.

मीनलनं दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी घेतली आणि माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी गाडीत जाऊन बिस्किटांचा पुडा संपवला. खाली वाकून, कुणाला दिसू नये म्हणून.

रात्री तिथंच मुक्काम केला आणि सकाळी कागद काढले. सात माश्या चिकटल्या होत्या, तिळाला केस फुटावेत तशा. हिराबाईंनी भिंगातून पाहिलं.

"हीच व्हय? येवढुशी?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी चिंधी सोडली. "ताई, मंग ह्ये हिचंच काम का? आठ म्हैनं झालं. दुकत न्हाई, भरत बी न्हाई. खरं सांगते, फोनवर तुमी जखमंच्या माशीचं बोललात, ती घावू नये म्हनूनच सारवलं. घावली तर गाव म्हनंल, हिच्याच घरात रोग हाय. गेल्या म्हैन्यात पुन्याची पोरं ताटावरनं उठली. माजा हात बघितला न् म्हनाली, पोट बिघडलंय. समद्यांचं येकदमच!"

मी पडवीच्या दारात उभा होतो. माझ्या कानशिलांवर कुणी तवा ठेवल्यासारखं झालं.

"ही माशी गावात सगळ्यांच्याच भिंतीत असते, मावशी," मीनल म्हणाली. "आणि जखम तिची असेल, तर ती हातातून, भाकरीतून कुणाला होत नाही. औषध आहे. चला, आजच तपासून घेऊ."

राजगड राहिला. हिराबाईंना घेऊन आम्ही वेल्ह्याच्या दवाखान्यात गेलो, जखमेचा नमुना दिला, त्यांना परत घरी सोडलं. निघताना त्यांनी मागच्या सीटवर फडक्यात बांधलेलं काहीतरी ठेवलं. "सायबांचं पोट बरं झालं की द्या."

नसरापूर आलं तसं मीनलनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अहो, पोट कसंय?"

घरी फडकं सोडलं. चार भाकऱ्या आणि लसणाची चटणी. भाकऱ्या कशा? एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेल्या, कडा फाटलेल्या. हिराबाईंची भाकरी तर गोल, पापुद्र्याची. मीनलनं पोहोचल्याचा फोन लावला आणि मुद्दाम स्पीकरवर ठेवला.

"सायबांना सांगा," हिराबाई म्हणाल्या, "भाकरी आमच्या ह्यांनी केल्यात. म्या पिठाला बी हात लावला न्हाई. बिनघोर खावा."

लाज वाटली हो. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. त्या चारही भाकऱ्या मी उभ्यानंच संपवल्या.

तपासणीत जखम वाळूमाशीचीच निघाली. औषध सुरू झालं, आता खपली वाळतेय. मागच्या आठवड्यात मी एकटाच गुंजवण्याला जाऊन आलो. गड या वेळीही चढलो नाही. जेवायला बसलो तशी हिराबाईंनी नानांना हाक मारली. नाना परात घेऊन चुलीपाशी आले.

"नाना, तुम्ही नको," मी म्हणालो. "मावशींच्या हातची पाहिजे."

हिराबाईंनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग नानांच्या हातातली परात काढून घेतली आणि बांगड्या वर सारल्या.