शिकून आल्याचा गुन्हा

ठाण्याच्या इंग्रजी शाळेत मी ग्रंथपाल होतो. पुस्तकांची विषयवार यादी कशी करतात हे शिकायला मुंबईस जावे, म्हणून मी हेडमास्तरांकडे महिन्याची रजा मागितली.

ते हसले. "कपाट उघडायला नि लावायला शिकवणी लागते का हो तुम्हांला?"

रजा मिळाली नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आपला आपणच गेलो, एका मोठ्या ग्रंथालयातल्या वृद्ध पारशी ग्रंथपालांच्या हाताखाली राबलो आणि परत येऊन शाळेतली सारी पुस्तके नव्याने लावून त्यांची विषयवार यादी केली.

पुढे शाळेच्या तपासणीला इंग्रज साहेब आले. हेडमास्तरांनी माझी यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि खुशाल म्हणाले, "ही माझी योजना."

मी दारातच उभा होतो. माझे डोके फिरले. "मग इतिहास कुठल्या कपाटात आहे, तेवढे सांगा," मी म्हणालो.

त्यांना सांगता येईना. साहेबांनी यादी मिटली आणि ते उठले.

दुसऱ्याच दिवशी मला काढून टाकले. मी कल्याणच्या एका शाळेत लागलो. काही वर्षांनी हेडमास्तर वारले. त्यांच्या शोकसभेला मी गेलो नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटत नाही.