सोनुबाईच्या टाकीवरचा दिवा

भिवाजीला दिव्याबद्दल चार गोष्टी शिकवाव्यात, अशी लोधिवलीत आजवर कोणाची छाती झाली नव्हती. खोपोलीच्या एका कागद कारखान्यात त्याने बत्तीस वर्षं वायरमनकी केली. तिथे तीन पाळ्या चालायच्या आणि दिवा गेला की पहिली हाक भिवाजीला. निवृत्त झाल्यावर गावातल्या लग्नांची रोषणाईही त्याच्याच हातची. मांडवात एखादा बल्ब लुकलुकला तरी हा पंगतीतून उष्ट्या हाताने उठायचा. बायको सोनुबाई म्हणायची, "ह्यांना नवरा-नवरी दिसत नाय, होल्डर दिसतो."

ती सोनुबाई संक्रांतीनंतर गेली. सकाळी चहा ठेवला, छातीत कळ आली म्हणून बाहेरच्या खोलीत येऊन बसली, आणि चहा उतू जायच्या आत सगळं आटपलं. त्याला दोन महिने झाले. भिवाजी रडला नाही. लोक म्हणाले, खंबीर माणूस. खंबीर कसला! आत काही हलतच नव्हतं. आमटीत मीठ नसलं तरी त्याला कळत नसे आणि दुप्पट पडलं तरी नाही. कोणी भेटायला आलं की समोर बसायचं आणि तो उठला की आपणही उठायचं, एवढंच त्याला उमगत होतं.

सोनुबाई मुंबईवाल्यांच्या एका बंगल्यावर झाडलोट करायची. त्यांनी टाकून दिलेली दोन फुटांची काचेची माशांची टाकी तिने टेंपोत घालून घरी आणली होती. मासे चारच. हौस होती ती पाण्यातल्या झाडांची. भाताची जमीन विकून झाल्यावर तिला काहीतरी वाढवायला हवंच होतं. आल्यागेल्याला ती टाकी दाखवून सांगायची, "ही माजी शेती." रोज एखादं पिवळं पान खुडायची आणि मग तासभर तिथून हलायची नाही.

आता त्या टाकीतलं पाणी हिरवं झालं होतं. काचेवर शेवाळ, पानांवर शेवाळ, आणि देठ हाताला लागताच सुटत होते. लेक हर्षला कर्जतला दिलेली, दर रविवारी यायची. त्या रविवारी तिने टाकीवर पाहिलं तर आईची छोटी ट्यूब गायब, आणि तिच्या जागी लग्नाच्या मांडवातला पन्नास वॉटचा फ्लडलाइट तारेने टांगलेला.

"बाबा, ह्ये काय केलंत?"

"ट्यूब उडाली. झाडं पन मान टाकाय लागली. त्यांना उजेड नको? भात सावलीत पिकतो का गं?"

हर्षला रागावली. "ही झाडं गेली तर आईचं ह्या घरात काय राहील?" ती म्हणाली. तीच भीती भिवाजीलाही होती. सगळं बधिर झालं होतं, तेवढी एक भीती सोडून.

मग दोघं शिळफाट्यावर लडकूच्या दुकानात गेली. लडकू पन्नाशीचा, वीस वर्षं मासे आणि टाक्याच विकतो. हर्षलाने ओल्या पिशवीत आणलेली दोन पानं त्याने बोटावर धरून पाहिली.

"ही अनुबियास, ही जावा फर्न. दोन्ही सावलीतली. ओढ्याकाठी झाडाखाली वाढनारी. ह्यांना उन्हाची हौस नाय. टाकी केवढी?"

"दोन फुटी. पानी फूटभर," भिवाजी म्हणाला.

"मग दहा वॉटची पांढरी एलईडी पट्टी बास. निळी-जांभळी घेऊ नका, ती बघनाऱ्यासाठी असते. नवीन मानसं हीच चूक करतात. झाड दमलं वाटलं की उजेड वाढवतात. जास्तीचा उजेड झाड खात नाय, शेवाळ खातं."

भिवाजीने पट्टी हातात घेतली, उलटी केली, पाठ चाचपली, पिन पाहिली. "वाफेनं आत पानी शिरलं तर?" त्याने विचारलं. दोन महिन्यांत त्याने कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. हर्षला त्याच्याकडे बघतच राहिली.

"पॅक हाय. नाय शिरायचं," लडकू म्हणाला. "आता सांगा, रोज किती तास लावता?"

भिवाजी पट्टीची पिन पुन्हा तपासू लागला.

"किती तास, बाबा?"

"बंदच नाय केला. दहाव्यापासनं चालूच हाय."

सोनुबाईचा जीव गेला त्या जागी, टाकीच्या पायाशी, रिवाजाप्रमाणे दहा दिवस दिवा तेवत ठेवला होता. भिवाजीने त्याला रात्रंदिवस तेल घातलं, एकदाही विझू दिला नाही. कारखान्यातही हेच तर केलं होतं. दहाव्या दिवशी बायकांनी दिवा उचलला, फरशी पुसून घेतली. तो कोपरा काळा दिसला तो त्याला बघवेना. त्याने टाकीची ट्यूब लावली आणि त्यानंतर हात काही बटणाकडे गेला नाही. अखंड जळून महिन्याभरात ट्यूब गेली, तेव्हा तिच्यापेक्षा दणकट दिवा टांगला. झाडांना ऊन हवं, ही सबब.

हे त्याने दुकानात सांगितलं ते पाच-सहा तुटक वाक्यांत, वायरिंगमधला दोष सांगावा तसं.

"दादा, सहा तास," लडकू हळूच म्हणाला. "बाकीचा येळ अंधार पायजे. झाडांनी झोपायचं कधी?" आणि त्याने एक टायमर पुढे केला. "हा लावा. तुमाला हात पन लावायला नको."

घरी आल्यावर हर्षलाने काच खरवडली, थोडं पाणी बदललं, कुजलेली पानं काढली. मुळाजवळचे चार-पाच कोंब अजून घट्ट होते. भिवाजीने फ्लडलाइट उतरवून पट्टी बसवली, एकही वायर लोंबकळू न देता. पण टायमर त्याने खोक्यातून काढलाच नाही.

"ह्यो नको."

"बाबा, तुमी बंद करनार नाय. मला म्हाईत हाय."

"मी करीन. हातानं."

पट्टी दुपारी एकला लागली होती. हर्षलाने सहाची गाडी सोडली आणि स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत बसली, कान बाहेर ठेवून. सात वाजले. भिवाजी टाकीपाशी उभा राहिला. उभाच राहिला. सात वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा हर्षलाने तवा उतरवला, पण ती उठली नाही.

बटणाचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तो अंधारात खाली फरशीवर बसला होता, जिथे दिवा असायचा तिथे.

"हर्षला," तो म्हणाला, "तुजी आई गेली गं."

ती पिठाच्या हातांनीच त्याच्याजवळ बसली.

"हां बाबा," ती म्हणाली. "गेली."